गावपळणीत उघडलेलं इंजिन

टायमिंग बेल्ट तुटलेला माणूस गॅरेजात शिरतानाच ओळखू येतो. गाडीबद्दल बोलायच्या आधी तो स्वतःची बाजू मांडतो. "मिस्त्री, मी काय एक करूक नाय हां. चलता चलता आपोआप बंद पडली." मग माझा ठरलेला प्रश्न, "सेल्फ मारलंस काय?" "मारलंय." "कितीदा?" यावर सगळे गप्प बसतात. चाळीस वर्षं मी आचरा तिठ्यावर गॅरेज चालवलं आणि या प्रश्नाचं सरळ उत्तर मला दोघांनीच दिलं, त्यातला एक पुढे येईलच. दुसरे शाळामास्तर होते. "बॅटरी उतरेपर्यंत," ते म्हणाले. मुलांना 'प्रयत्नांती परमेश्वर' शिकवता शिकवता त्यांना स्वतःलाही ते पटलं असावं. त्यांच्या इंजिनाचे आठही व्हॉल्व वाकले होते.

नांदगावचा एक दुकानदार तर तुटलेला बेल्ट चपला शिवणाऱ्याकडून जाड दोऱ्याने शिवून घेऊन आला होता. शिलाई इतकी सुबक की मलाच तो फेकवेना. "हो चलात मां?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "कमरेक चलात." तो रागावून निघून गेला आणि आठ दिवसांनी नवा बेल्ट घेऊन परत आला.

ज्यांचा आणि इंजिनाचा संबंध किल्ली फिरवण्यापुरताच आहे, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. टायमिंग बेल्ट म्हणजे आतून दाते असलेला रबरी पट्टा. इंजिनात खाली क्रँक असतो, तो पिस्टन वर-खाली करतो. वर कॅम असतो, तो व्हॉल्व उघडतो आणि मिटतो. दोघांनी एकमेकांची वेळ सांभाळायची असते आणि ती सांभाळून देण्याचं काम या पट्ट्याचं. पट्टा तुटला की वरचा कॅम थांबतो, पण खालचा क्रँक गाडीच्या वेगाने फिरतच राहतो. मग उघडा राहिलेला व्हॉल्व वर येणाऱ्या पिस्टनच्या वाटेत सापडतो. त्यात पुन्हा सेल्फ मारणं म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. पट्टा ताणून धरायला बाजूने एक चकती लावलेली असते, तिला आम्ही टेन्शनर म्हणतो. तिच्या पोटात बेअरिंग असतं, मुठीत मावेल एवढं. पट्टा बदलताना तेही बदलायचं, असा नियम आहे. तो नियम मी चाळीस वर्षांत शेकडो जणांना ऐकवला आणि एकदा मीच मोडला. त्याचीच ही हकिगत आहे.

आमच्या आचऱ्याला गावपळण असते. काही वर्षांनी ग्रामदेवाचा कौल मिळतो आणि ठरल्या दिवशी अख्खा गाव तीन दिवस नि तीन रात्री घरंदारं सोडून वेशीबाहेर जातो. माणसं जातात, गुरं जातात, कोंबड्या-कुत्रीसुद्धा जातात. देवळाजवळचा असो की बंदरावरच्या मोहल्ल्यातला, नियम सगळ्यांना एकच. दुपारी नौबत झडली की गावात जीव ठेवायचा नाही. पलीकडे माळावर झावळ्यांच्या झोपड्या घालून राहायचं आणि चौथ्या दिवशी परतीचा कौल मिळाला की घरी यायचं. बाहेरच्या लोकांना याचं नवल वाटतं, वर्तमानपत्रवाले फोटो काढायला येतात. आम्हाला त्यात एवढंच वाटतं की झावळ्या वेळेवर मिळाल्या म्हणजे बरं.

मी सांगतोय ती गावपळण मागच्या खेपेच्या आधीची. घरचं सामान सकाळीच हलवून झालं होतं. बायको रिक्षाने पुढे गेली, मी स्कूटर घेऊन शेवटचा निघालो. पायापाशी पान्यांची पिशवी होती. ती बघून बायकोने सकाळीच टोमणा मारला होता, "देव सांगता तीन दिस गाव सोडा, आणि तुमका पाने सुटनत नाय!" पण मला पान्यांशिवाय घराबाहेर पडलं की उघड्या अंगाने निघाल्यासारखं वाटतं, त्याला इलाज नाही.

तिठा ओलांडून थोडं पुढे गेलो तर रस्त्यातच सलीमची पिकअप उभी. सलीम म्हणजे मोहल्ल्यातला मासळीचा व्यापारी, पस्तिशीचा, कामाला वाघ. ओहोटीच्या वेळी गाडी थेट पुळणीवर, ओल्या वाळूत उतरवायची, होडीतून मासळी भरायची आणि बर्फ टाकून कोल्हापूर गाठायचं, हा त्याचा रोजचा क्रम. गाडी जुनी, त्याच्या वडिलांच्या वेळची. मागे हौद्यात चार शेळ्या, कोंबड्यांचे झाप, गाद्यांच्या वळकट्या आणि पुढच्या सीटवर त्याची आई, हलिमाचाची. सत्तरी उलटलेली, गुडघ्यांनी अधू, तोंडाने मात्र खणखणीत.

"मिस्त्री, मी काय एक करूक नाय," सलीम म्हणाला.

"सेल्फ मारलंस?"

"दोनदा."

"आता तिसऱ्यांदा किल्लीक हात लावलंस तर तुझो हात मोडीन."

बॉनेट उघडून वरचं कव्हर थोडं सैल करून बघितलं. बेल्ट तुटून लोंबत होता. हा बेल्ट मीच घातला होता, पाच-सहा महिन्यांपूर्वी. नवा बेल्ट इतक्यात तुटत नाही.

सलीम रस्त्याच्या कडेला बसला. "बरा झाला," तो म्हणाला. "संपला एकदाचा. मेव्हण्यान दोहाक नोकरी बघून ठेवल्यान हा. मी म्हटलंय, गाडी चलता तवसर चलवतंय, आणि इंजिनान मोठो खर्च काढल्यान तर भंगारात घालतंय नि जातंय. रवांदे हंयच. मी आवशीक घेऊन जातंय पुढे."

हलिमाचाची आतून ऐकत होती. नवरा गेल्यापासून घरात ती आणि सलीम, दोघंच. सलीमची बायको लग्नानंतर दोन वर्षांतच वारली होती. सलीम दोहाला गेला म्हणजे या म्हातारीने मोहल्ल्यातल्या त्या घरात एकटीने भिंतींशी बोलायचं. तिने नुसता पदर डोक्यावर पुढे ओढला आणि समोरच्या काचेतून बघत राहिली. ते बघून मला गाडी तिथे टाकवेना. तीन दिवस ओसाड गावात ती गाडी उभी राहिली असती, आणि तेवढ्यात सलीमच्या मनाने तिकीट काढलं असतं.

इतक्यात मागून तात्या आला. तात्या गावकर, वयाने माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा, गावातली शेवटची बैलजोडी त्याची. गाडीला जुंपलेले बैल आणि गाडीत भाताची पोती. त्याने एकदा पिकअपकडे बघितलं, एकदा उन्हाकडे.

"नौबत होवक आली," तो म्हणाला. "मानसा रस्त्यात बसली हत कित्याक?"

मी सांगितलं. तात्याने दोरी सोडली. "गुरा-मानसा जातत आणि गाडी तेवढी रवतली? कायद्यात बसना नाय ता." कसला कायदा ते त्यालाच ठाऊक. त्याने बैल सोडले, बैलगाडी बाजूला लावली आणि दोन दावी पिकअपच्या पुढच्या हुकात अडकवली. येणारे-जाणारे थांबले. कुणी डोक्यावरची भांडी खाली ठेवली, कुणी काखेतला कोंबडा दुसऱ्याकडे दिला. सलीम स्टिअरिंगवर, चाची शेजारी, मागून आम्ही दहा-बारा जण आणि पुढे तात्याचे बैल, अशी ती पिकअप न्यूट्रलमध्ये वेशीकडे निघाली. पुलाच्या चढावर बैल अडखळले तेव्हा चाची खिडकीतून ओरडली, "जपान रे! माझ्या शेळये हत मागे!" वेस ओलांडली आणि पाच मिनिटांत मागे नौबत झडली. तात्या दमलेले बैल घेऊन पुन्हा मागे गेला नाही. त्याची बैलगाडी आणि माझी स्कूटर माणसांनी आधीच ओढून आणली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी माळावर काजूच्या झाडाखाली मी इंजिन उघडायला घेतलं. गॅरेजात गिऱ्हाईक डोक्यावर उभं राहिलेलं मला चालत नसे, मी त्याला चहाला पिटाळायचो. इथे अख्खा गाव रिकामा बसलेला. न्हाणं झालं, पेज जेवली, आता करायचं काय? सगळे गाडीभोवती. हलिमाचाचीची प्लास्टिकची खुर्ची सगळ्यात पुढे, मांडीवर पानाचा डबा. क्रँकच्या पुलीचा बोल्ट खाऱ्या हवेने इतका धरला होता की पान्याला लांब पाइप लावल्याशिवाय सुटेना. पाइप नव्हता. एका झोपडीचा मधला खांब लोखंडी होता, तो उपसून आणला. बोल्ट सुटला, झोपडी कलली. घरमालकीण मला त्या दिवशी जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तुटलेला बेल्ट दाखवून मी लोकांना सांगितलं की व्हॉल्व आणि पिस्टन एकाच जागेत पाळीपाळीने येतात आणि हा पट्टा त्यांची पाळी सांभाळतो. माणसं मान डोलवत होती, पण समजलं नव्हतं. हलिमाचाचीने पानाला चुना लावता लावता विचारलं, "म्हणजे एका व्हायनात दोघी बायला कांडतत तसा? एकीचा मुसळ वर तेव्हा दुसरीचा खाली. एकीन ठेको सोडलो तर मुसळार मुसळ."

"तसाच, चाची," मी म्हटलं. हे उदाहरण मला चाळीस वर्षांत सुचलं नव्हतं. पुढे सगळ्या गिऱ्हाइकांना मी तेच दिलं, आणि ते माझं नव्हे हेही सांगत आलो.

मग खालचं कव्हर निघालं आणि टेन्शनर हातात आला. चकती फिरेना. बेअरिंग गंजून घट्ट झालं होतं. त्याच्यावर घासून घासून बेल्ट जळला आणि तुटला होता. आणि ते बेअरिंग जुनं होतं.

आता जे सांगायचं ते सांगतो. पाच-सहा महिन्यांपूर्वी सलीमने बेल्ट आणि बेअरिंग, दोन्ही नवं आणून दिलं होतं. "सगळा बदल," असं बजावलंही होतं. मी बेल्ट घातला. जुनं बेअरिंग बोटाने फिरवून बघितलं, ते लोण्यासारखं फिरलं. आम्ही कोकणी माणसं, चालती वस्तू टाकताना आमचा हात अडतो. फुटका रॉकेलचा डबासुद्धा आम्ही परसात झाड लावायला ठेवतो. म्हटलं चांगलं आहे, चालू दे, नवं फळीवर राहू दे, पुढे त्याच्याच उपयोगी पडेल. त्याला सांगायचं ठरवलं आणि दुसऱ्या कामात विसरलो. ही गाडी रोज पुळणीवर जाते, खारं पाणी नि वाळू खाते, हे मला ठाऊक होतं. घाटावरच्या मिस्त्रीने असं केलं असतं तर मी त्याला अडाणी म्हटलं असतं. मी समुद्राच्या काठावर जन्मलो, माझ्याकडे तेवढीही सबब नव्हती.

मी ते बेअरिंग फडक्यात गुंडाळून पँटच्या खिशात टाकलं. कुणाला कळलं नाही. सलीम तेव्हा शेळ्यांना पाला घालत होता.

वरचं झाकण काढलं तर व्हॉल्व दाबणारे दोन रॉकर तुटलेले. यात एक आशा असते. कधी कधी रॉकर स्वतः तुटतात आणि व्हॉल्व वाचवतात. व्हॉल्व वाचले असतील तर काम माळावर होण्यासारखं. वाकले असतील तर हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवून कणकवलीला न्यायचं, तिथे मोठं काम, आणि मग सलीमचं दोहा ठरलेलं. सलीम समोर येऊन उभा राहिला. "खरा सांग, मिस्त्री. वाकले काय?"

"बघूक होया," मी म्हटलं.

बघण्याची एक गावठी पद्धत आहे. रॉकर काढले की सगळे व्हॉल्व मिटून बसतात. गाडी गिअरमध्ये टाकायची, प्रत्येक सिलिंडरच्या हीटर प्लगच्या भोकातून आत हवा भरायची आणि ऐकायचं. व्हॉल्व सरळ असेल तर हवा आत कोंडून राहते. वाकला असेल तर फटीतून सुसू करत सायलेन्सरकडे किंवा हवेच्या नळीकडे निसटते. गॅरेजात कॉम्प्रेसर होता, पण गॅरेज गावात आणि गावाला बंदी. मी स्टेपनी काढली. पिशवीत जुन्या हीटर प्लगला जोडलेली एक नळी होती, तिचं दुसरं टोक स्टेपनीच्या तोंडावर बसवलं. टायरमधली हवा सिलिंडरला पुरते.

अडचण एकच होती, ऐकू येईना. माळावर गाव वसलेला. कोंबडे आरवतायत, शेळ्या ओरडतायत, कुणाचा रेडिओ, कुणाचं भांडण, भजनी मंडळींची पेटी. तात्याला कळलं. तो उठला आणि अशा आवाजात ओरडला की काजूवरचे कावळे उडाले. "गप रवा रे सगळी! बाबी मिस्त्रीक आयकाक होया!"

आणि गाव गप्प झाला. रेडिओ बंद झाला, पेटी मिटली. बायकांनी कोंबड्या पोटाशी धरल्या, कुणी शेळीच्या तोंडात पाला कोंबला. हजारभर माणसं एका इंजिनासाठी श्वास रोखून उभी राहिलेली मी आयुष्यात तेवढी एकदाच बघितली.  यातल्या निम्म्या लोकांचा सलीमच्या गाडीशी काही संबंध नव्हता आणि काहींचं तर त्याच्याशी बोलणंही नव्हतं.

मी हवेच्या नळीला कान लावला. सायलेन्सरच्या तोंडाशी चाची बसली. तिला मी सांगितलं होतं की बारीक हवा कानाला कळत नाही, गालाला कळते. तिने गाल सायलेन्सरजवळ नेला. सलीमने पहिल्या सिलिंडरमध्ये हवा सोडली.

"गप आसा," चाची म्हणाली.

दुसरा. "गप आसा." तिसरा. "गप." चौथा. तिने गाल आणखी जवळ नेला आणि ती म्हणाली, "हंय वारो येता रे."

सलीमने मान फिरवली.  मी हवा तशीच ठेवली, लाकडी दांडा घेतला आणि त्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्वच्या टोकावर हलक्या हाताने टकटक केलं. जुन्या इंजिनात काजळीचा एखादा खडा व्हॉल्वखाली अडकतो आणि वाकल्याचा भास होतो. कधी होतो, कधी खरंच वाकलेला असतो. चार वेळा टकटक केलं. पाचव्या वेळी हवेबरोबर काजळी फुर्रकन बाहेर आली आणि चाचीचा गाल काळा झाला.

"आता?"

तिने काळा गाल तसाच पुन्हा पुढे केला. "आता गप आसा," ती म्हणाली, आणि मग गावाने जो गलका केला त्याने बैल दावं तोडायला निघाले.

सलीम कुणाच्या तरी मोटरसायकलवर सामान आणायला कणकवलीला निघाला. मी यादी सांगितली, "बेल्ट, दोन रॉकर, आणि टेन्शनरचा बेअरिंग." तो लिहिता लिहिता थांबला. "बेअरिंग? ता तू तेव्हा नवीन घातलंस मां?"

"आण तू," मी म्हटलं.

तो गेला. मी दुपारी जेवायला बसलो. खिशातलं बेअरिंग मांडीला टोचत होतं. गावात माझ्या शब्दावर लोक गाड्या घेत आणि विकत. त्याच गावासमोर 'मी चुकलो' म्हणायचं माझ्या जिवावर आलं होतं. न सांगितलं तर कुणालाही कधीही कळणार नव्हतं. बेअरिंग नदीत टाकायचा विचारही मनात येऊन गेला, तोही लिहून ठेवतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी सगळं बसवलं. क्रँक, कॅम आणि डिझेल पंप, तिघांच्या खुणा जुळवाव्या लागतात. त्या पुसट झाल्या होत्या, म्हणून चाचीच्या पानाच्या डब्यातला चुना काडीने लावून त्या ठळक केल्या. बेल्ट चढवला, नवं बेअरिंग लावून ताणला. मग पाना घालून इंजिन हाताने पूर्ण दोन फेऱ्या फिरवलं. हे केल्याशिवाय मी कुठल्याही गाडीला सेल्फ मारू दिला नाही. आत काही अडलं तर हाताला कळतं, सेल्फला कळत नाही. काही अडलं नाही. चुन्याच्या खुणा पुन्हा समोरासमोर येऊन उभ्या राहिल्या.

सलीमने किल्ली काढली. मी म्हटलं, "रव." आणि खिशातलं बेअरिंग काढून बॉनेटच्या कडेवर ठेवलं.

"ह्या काय?"

"तुझ्या गाडीतला. जुना. मी बदलूक नाय होतंय."

त्याने ते हातात घेतलं. "नवीन खंय मगे?"

"गॅरेजात, फळीर. जुना बरा फिरत होता. माका वाटला, चलात. तेनाच बेल्ट तुटलो."

"मी पुळणीर गाडी घालतंय ता तुका ठाऊक होता."

"होता."

सगळे ऐकत होते. मन मोकळं केलं की हलकं वाटतं म्हणतात, मला तसं काही वाटलं नाही. माझी मान वर होईना. सलीमने किल्ली खिशात टाकली आणि तो नदीच्या दिशेने चालू लागला. माझी बायको माझ्याजवळ येऊन बसली. या गोष्टीबद्दल ती मला एकदाही काही बोलली नाही, तेव्हाही आणि पुढेही.

तासाभराने सलीम आला. बरोबर तात्या होता. दोघांचं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. सलीमने किल्ली पुढे धरून सगळ्यांदेखत सांगितलं, "लागली तर मी हंय. नाय लागली तर फाल्या कौल झालो की मी दोहाक." आणि तो सीटवर चढला.

"थांब थांब," तात्या म्हणाला. "देवाक सांगूक नको?" त्याने पिकअपसमोर हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं. "बारा वहिवाटीच्या देवा म्हाराजा! ह्या लेकराची गाडी तुझ्या वेशीर येऊन पडली, ती रस्त्याक लाव रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" गाव म्हणाला. खुर्चीवरून हलिमाचाचीही म्हणाली.

"आणि मिस्त्र्याची चूक पदरात घे रे म्हाराजा!"

हे त्याने मला न विचारता घातलं होतं. सगळे गाडीकडे बघायला लागले. मग गाडीच्या आतून सलीमचा आवाज आला, "होय म्हाराजा," आणि त्याच्यामागे सगळ्यांचा.

पहिल्या सेल्फला इंजिन नुसतं खोकलं. इंजिन उघडलेलं असलं की डिझेलच्या नळीत हवा शिरते, ते मला ठाऊक होतं. दुसऱ्या सेल्फला ते लागलं. पांढरा धूर आला, तो सरला आणि चारही सिलिंडर एका लयीत चालू झाले. मी माझ्या कामाबद्दल सहसा बढाई मारत नाही, पण तसा गोड आवाज त्या गाडीने नवी असतानाही दिला नसेल. सलीम खाली उतरला आणि मला म्हणाला, "मिस्त्री, पुढच्या खेपेक बेअरिंग माझ्या डोळ्यांदेखत बदलूचा." मी मान हलवली. पुढची खेप आहे, एवढं मला पुरलं.

सलीम दोहाला गेला नाही. गॅरेज मी बंद केलं तेव्हाही तो मासळीच नेत होता. पण त्या दिवसाचं एक सांगायचं राहिलं.

सगळे गाडीभोवती नाचत होते तेव्हा हलिमाचाचीने मला हाक मारली. चुलीवरचा चहा तिने स्वतः ओतून ठेवला होता. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि म्हटलं, "चाची, माका माफ कर. माझ्यामुळे तुझो झील तुका सोडून जाता होतो."

"माका येक सांग," ती म्हणाली. "गाडी बरी असती तर त्या दिवशी सलीम खंय जातलो होतो?"

मला ते माहीत होतं. आमचा गाव गावपळणीला बसला तरी मालवणच्या होड्या थांबत नाहीत. आईला माळावर उतरवून तो तिथला माल घेऊन कोल्हापूरला जाणार होता, तिन्ही दिवस.

"तेचो बापूस गेल्यापासून हो झील माझ्या वांगडा बसान जेवलो नाय," चाची म्हणाली. "सकाळी पुळणीर, मगे रस्त्यार. घरात येता तो निजाक. ह्या तीन दिसांत माझ्या समोर बसान पाच वेळा जेवलो. मी मोजलंय. काल माका म्हणता, माँ, तुझ्या हातचो सार बापाशीक आवडायचो मां? तेका ता आठवता, माका ठाऊकच नाय होता." तिने पदराने गाल पुसला. काजळी अजून कानापाशी राहिली होती. "त्या बेअरिंगाक नाव ठेव नको, बाबी. अल्ला तुझा भला करो."

चाळीस वर्षांत गाडी चालू करून दिली म्हणून पुष्कळांनी माझे आभार मानले. ती बंद पडली म्हणून आभार मानणारी हलिमाचाची एकटीच.